मोगलीने ओढून काढलेले गाढव

मोगली माहीत नाही असे घर आपल्या अमरावती-अकोल्याकडे सापडणे कठीण. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ लागायचे, तेव्हा वस्तीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओट्यापर्यंत पोट्टे दाटायचे. ती मालिका मुळात जपानी, १९८९ साली तयार झालेली. हिंदीत आणताना गुलजार यांनी शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी चाल दिली आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. ते पोट्टे आता स्वतः आई-बाप झाले आहेत. त्यांची मुले २०१६ चा चित्रपट पाहतात, त्यातही हिंदीत शेरखान बोलतो तो नानांच्याच आवाजात. आणि फोनवर जुना डिस्नेचा कार्टून चित्रपटही पाहतात, जो १९६७ साली निघाला.

आज लिहायचे आहे ते या १९६७ च्या चित्रपटाविषयी आणि ज्या पुस्तकावरून तो घेतला त्या रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकाविषयी. कोणी म्हणेल, कार्टून ते कार्टून, त्याची एवढी चिकित्सा कशाला? चिकित्सा यासाठी की पुस्तकातला जो भाग आपल्या घरातल्या मुलांनी मुद्दाम वाचावा असा आहे, नेमका तोच चित्रपटात नाही.

आधी जागेचे सांगतो. मोगलीचे जंगल आफ्रिकेतले, असे समजणारी मोठी माणसेही भेटतात. ते जंगल सिवनीचे. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की पेंच ओलांडून सिवनी लागते. पुस्तकातली नदी म्हणजे आपली वैनगंगा, जी सिवनी जिल्ह्यातच उगम पावते, बालाघाटवरून भंडाऱ्यात उतरते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. पुस्तकात साहेबाचे ठाणे असलेले जे गाव येते ते कान्हीवाडा, आजही सिवनी जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत सिवनी आणि आपला वऱ्हाड एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. तेव्हा मोगली आपल्या शेजारचाच म्हणायचा. ‘लाल कुत्रे’ या गोष्टीत सिवनीच्या लांडग्यांवर रानकुत्र्यांची जी टोळधाड येते ती दख्खनकडून येते, म्हणजे साधारण आपल्याच बाजूने! मेळघाटात रानकुत्रे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या गोष्टीतले भय वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. माकडांची ती ओसाड नगरी वाचतानाही गाविलगड किंवा नरनाळ्याचा पडका दरवाजा आणि त्यावर बसलेली वानरे डोळ्यांपुढे येतात.

किपलिंग मात्र हे जंगल हिंडून लिहीत नव्हता. त्याचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. पुढे लाहोर आणि अलाहाबाद येथे त्याने वर्तमानपत्रांत नोकरी केली आणि १८८९ साली हिंदुस्थान सोडला. ‘जंगल बुक’ त्याने लिहिले अमेरिकेत, बर्फाच्या प्रदेशात बसून. पहिले पुस्तक १८९४ चे, दुसरे १८९५ चे. सिवनीचे वर्णन त्याने स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकावरून उचलले, असे अभ्यासक मानतात. तशी ही कादंबरी नव्हे, कथासंग्रह आहे. पण दोन्ही पुस्तकांतल्या मोगलीच्या आठ गोष्टी सलग वाचल्या की कादंबरीच होते, आणि चित्रपटवाल्यांनीही ती तशीच धरली आहे.

वॉल्ट डिस्नेच्या कंपनीत या चित्रपटाची पहिली पटकथा बिल पीट याने लिहिली होती. ती पुस्तकाच्या जवळची, गंभीर होती. डिस्नेला ती फार काळोखी वाटली. दोघांचे बिनसले, पीट कंपनी सोडून गेला. मग लॅरी क्लेमन्स याला काम दिले तेव्हा डिस्नेने त्याला पुस्तक वाचूच नकोस, असे बजावल्याचे सांगतात. पुस्तकावर चित्रपट काढायचा आणि लेखकाला पुस्तक वाचू द्यायचे नाही! दिग्दर्शक होता वुल्फगँग रायथरमन. चित्रपट पुरा होण्याआधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, डिस्ने वारला. त्याच्या देखरेखीत झालेल्या शेवटच्या चित्रपटांपैकी हा एक. अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा आहे, आणि खरे सांगायचे तर गोड आहे. अस्वलाची चाल, वाघाचा संथ रुबाब, माकडांचा नाच हे सगळे हाताने काढलेल्या चित्रांतून उभे केले आहे आणि आजही मुले पोट धरून हसतात. त्या कारागिरीला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण माणसे, म्हणजे जनावरे, किती बदलली ते पाहा. चित्रपटातला बल्लू अस्वल आळशी, खाऊन-पिऊन गाणी म्हणणारा, चिंता सोडा असे सांगणारा. पुस्तकातला बल्लू मास्तर आहे. लांडग्यांच्या पिल्लांना जंगलचा कायदा शिकवणे हे त्याचे काम. मोगलीला तो पाखरांची, सापांची, शिकारी प्राण्यांची अशा सगळ्यांच्या भाषेत संकटाची हाक कशी द्यायची ते घोकून घेऊन शिकवतो, प्रसंगी चापटही मारतो. पुढे माकडे मोगलीला पळवून नेतात तेव्हा घारीच्या भाषेतली ती हाकच त्याला वाचवते. शिकलेला धडा जीव वाचवतो, असे पुस्तक म्हणते. चित्रपट म्हणतो, धडा राहू दे, मजा कर. आपल्या घरात मुलांच्या शिक्षणासाठी आई-बापांनी काय काय सोसले आहे ते आठवले की हा बल्लू पाहून हसू येते, पण थोडे अडखळत.

‘का’ अजगराचे तर पार उलटे केले. चित्रपटात तो मोगलीला गिळायला टपलेला विदूषक. पुस्तकात तो म्हातारा, शहाणा आणि मोगलीचा तारणहार. बगीरा चित्रपटात शिस्तीचा, जरा कटकट्या काका आहे. पुस्तकात त्याला पूर्वायुष्य आहे. तो उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मला, त्याची आई तिथेच मेली, आणि एके दिवशी आपण कोणाचे खेळणे नाही हे कळल्यावर त्याने पंजाच्या एका फटक्याने कुलूप तोडले. त्याच्या हनुवटीखाली गळपट्ट्याने केस झडलेली जागा आहे, ती तो फक्त मोगलीला दाखवतो. गळपट्टा गेला, वण राहिला. हे दृश्य चित्रपटात असते तर किती शोभले असते! तिथे एवढेच आहे की बगीराला टोपलीत एक मूल सापडते.

आता गावाकडे येऊ, कारण खरा फरक तिथे आहे.

चित्रपटात गाव शेवटच्या चार-पाच मिनिटांत येते. नदीवर एक मुलगी पाणी भरायला येते. तिच्या गाण्याचा मतलब असा की बाप शिकारीला जातो, आई घरी रांधते, आपण पाणी भरायचे आणि पुढे आपल्याला मुलगी झाली की ती भरेल, आपण रांधू. (भगिनींनो, दहा वर्षांच्या पोरीचा सगळा जन्म एका गाण्यात आखून टाकला, शाळेचे नावसुद्धा नाही.) मुलगी मोगलीकडे पाहते, मुद्दाम घडा पाडते. मोगली तो उचलतो, पाण्याने भरतो, डोक्यावर घेतो आणि तिच्यामागे गावात जातो. चित्रपट संपला.

पुन्हा एकदा पाहा. ज्याच्या आई-बापाचा पत्ता नाही, ज्याची जात कोणाला ठाऊक नाही, असा उघडा पोरगा गावातल्या मुलीच्या घड्याला हात लावतो, त्यात पाणी भरतो आणि गावात नेतो. वेशीवर कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही, तू कोणाचा? बोलणारा अजगर आणि गाणारे अस्वल यांना लोक कल्पनारम्य म्हणतात. मला तर या चित्रपटातली सर्वांत मोठी कल्पना ही घड्याची वाटते. पुस्तक निघाले त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १९२७ साली, महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डोकी फुटली. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. घडा एवढा स्वस्त नव्हता.

किपलिंगला हे माहीत होते. त्याच्या पुस्तकात मोगली गावाच्या वेशीशी येतो तेव्हा लोक पुरोहिताला बोलावतात. हा पुरोहित लठ्ठ, पांढऱ्या कपड्यातला, कपाळी गंध लावलेला. मेसुआ नावाच्या बाईला वाटते, वाघाने नेलेला आपला नथू तो हाच. पुरोहित आधी विचार करतो की ही बाई गावातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची बायको. मग आकाशाकडे पाहून निर्णय देतो, जंगलाने नेले ते जंगलाने परत दिले. आणि जाता जाता, पुरोहिताचा मान ठेवायला विसरू नकोस, असेही तिला सांगतो. म्हणजे पोराला घरात घेता आले ते पैशाच्या जोरावर. गरिबाच्या दारात हाच पोरगा उभा राहिला असता तर आकाशाने काय सांगितले असते?

मग ती जागा येते. मोगली लांडग्यांत वाढलेला. माणसामाणसांत जात नावाचा फरक असतो याची त्याला गंधवार्ता नाही. गावातल्या कुंभाराचे गाढव मातीच्या खड्ड्यात घसरून पडते. मोगली शेपटीला धरून गाढव बाहेर ओढतो आणि कान्हीवाड्याच्या बाजाराला जाणारी मडकी रचायला कुंभाराला हात लावतो. झाले! गावात बोभाटा होतो. कुंभार हलका, त्याचे गाढव त्याहून हलके. पुरोहित रागे भरतो. मोगली त्याला उत्तर देतो की फार बोललास तर तुलाही गाढवावर बसवीन. तेव्हा पुरोहित मेसुआच्या नवऱ्याला सुचवतो, या पोराला लवकर कामाला जुंपा. म्हणून मोगली म्हशी राखायला जातो.

चार-सहा ओळींचाच प्रसंग आहे, पण मुलांसमोर वाचून पाहा. लहान मूल लगेच विचारते, गाढव काढले तर काय वाईट केले? याचे उत्तर गावातल्या कोणापाशी नाही, म्हणून तर राग येतो. जात आईच्या दुधातून येत नाही, शिकवावी लागते, ही गोष्ट मोठमोठ्या व्याख्यानांनी सांगायला तासभर लागतो. इथे एक गाढव सांगून जाते. डिस्नेच्या हातात हे आयते होते, शिवाय हसवणारेही होते. त्याने घेतले नाही. कसे घेणार, लेखकाने पुस्तक वाचले तर पाहिजे!

मात्र किपलिंगची नजरही पूर्ण गाव पाहत नाही, हे सांगितले पाहिजे. कुंभार हा बलुतेदार. आपल्या वऱ्हाडी गावात तो गावकुसाच्या आतच राहतो. गावकुसाबाहेरची वस्ती किपलिंगच्या गावात मुळी दिसतच नाही. मेलेले ढोर कोण ओढते, कातडे कोण काढते, सांगावा घेऊन कोण धावतो, याचा पत्ता नाही. साहेब वेशीपर्यंत आला आणि वेशीच्या या बाजूला वळून न पाहता आत गेला.

तरी कातड्याचा प्रश्न त्याच्या गोष्टीत आलाच आहे, वेगळ्या वाटेने. मोगली म्हशींचा कळप दोन भागांत करून घळीच्या दोन्ही तोंडांनी घालतो आणि लंगडा शेरखान खुरांखाली मरतो. मोगली सुरी काढून कातडे सोलायला बसतो. पुस्तकात स्पष्ट आहे की हे कष्टाचे काम आहे, एकट्या पोराला वाघ सोलणे म्हणजे घाम निघतो. तेवढ्यात गावचा शिकारी बुलदेव येतो, जो रोज पारावर बसून बढाया मारतो. या वाघावर सरकारचे शंभर रुपये बक्षीस आहे हे त्याला ठाऊक. तो म्हणतो, कातडे मी कान्हीवाड्याला नेतो, तुला त्यातला एक रुपया देईन. शंभरातला एक! वाघ मारला कोणी, सोलतो कोण, आणि बक्षीस कोणाच्या नावावर? मोगली नाही म्हणतो तेव्हा तो एक रुपयाही जातो आणि माराची धमकी येते. आपल्या वाडवडिलांना हा हिशेब कोणी समजावून सांगायला नको होता. चित्रपटात शेरखानच्या शेपटीला जळती फांदी बांधतात, तो पळून जातो. कोणी मरत नाही, कातडे नाही, रुपया नाही.

यानंतर गाव मोगलीला दगड मारून हाकलते. पुरोहित तुळशीची डहाळी हलवीत त्याला जादूगार ठरवतो. त्याआधी लांडग्यांनीही त्याला काढून टाकलेले आहे, कारण तो माणूस. आता माणसे काढतात, कारण तो लांडगा. दोन्हीकडून बाहेर पडलेला हा मुलगा वाघाच्या कातड्यावर नाचतो तेव्हा त्याला हसू येते आणि रडूही. चित्रपटात हे दुःखच उरलेले नाही. तिथे सुरुवातीपासून बगीराचे एकच म्हणणे की माणसाने माणसांत जावे, ज्याने त्याने आपल्या जागी राहावे. आणि गोष्ट त्याला शाबासकी देऊन संपते.

हाच विचार चित्रपटातल्या माकडांना लावून पाहा. डिस्नेने लुई नावाचा ओरांगउटान माकडांचा राजा केला. ओरांगउटान भारतात नाही, बोर्निओ-सुमात्रात असतो, आणि पुस्तकातल्या माकडांना राजाच नाही. हा लुई मोगलीला म्हणतो, मला माणसासारखे व्हायचे आहे, विस्तवाचे गुपित शिकव. सगळे त्याला हसतात. अमेरिकेत पुष्कळांनी आक्षेप घेतला की माकडांना काळ्या लोकांच्या संगीताची ढब देऊन हे सोंग उभे केले आहे. आपल्यालाही हा विनोद ओळखीचा वाटावा. ज्याला खालचा ठरवले त्याने वर येण्याची इच्छा दाखवली की तो हास्यास्पद होतो, त्याचा सूट-बूट हास्यास्पद होतो, त्याचे इंग्रजी हास्यास्पद होते.

या बाबतीत पुस्तक चित्रपटाहून बरे नाही. किपलिंगचा बल्लू मोगलीला माकडांशी बोलू नको म्हणून रागावतो आणि माकडांसाठी शब्द वापरतो तो बहिष्कृत या अर्थाचा. त्यांना कायदा नाही, स्वतःची भाषा नाही, दुसऱ्यांचे ऐकलेले बोलतात, जंगल त्यांच्या पाणवठ्यावर पीत नाही, ते जातात तिथे जात नाही. वाचताना क्षणभर थांबायला होते. हे माकडांचे वर्णन चालले आहे की गावाने आमच्याविषयी केलेल्या नियमांचे? ज्या लेखणीने गाढवाचा प्रसंग लिहिला, तिनेच पाणवठाही तोडला. मुलांना पुस्तक देताना ही जागा झाकू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला विचारावे, माकडांची बाजू कोणी सांगितली का?

दुसऱ्या भागात ‘जंगल आत घेणे’ अशा अर्थाच्या नावाची गोष्ट आहे, ती आणखी भयंकर. मोगलीला घरात घेतले म्हणून मेसुआ आणि तिचा नवरा यांना गाव चेटूक करणारे ठरवते, बांधून घालते, जाळायचे ठरवते. कारण वरवर चेटूक. आत पाहिले तर त्यांची जमीन, गुरे आणि पैसा वाटून घ्यायचा आहे. हे १८९५ साली छापले गेले आहे. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. मेळघाटात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मेसुआ वेगळी दाखवावी लागत नाही.

पण ते जोडपे न्याय मागायला कुठे जाते? कान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे. किपलिंगचे सगळे असे आहे. गावातला मूर्खपणा तो अचूक टिपतो आणि मग म्हणतो, बघा, यांना राज्य करता येणार नाही, साहेबच पाहिजे. १८९९ साली त्याने ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ या नावाची कविताच लिहिली. आपण त्याचे टिपण घ्यावे, निष्कर्ष त्याच्यापाशी ठेवावा. गावाविषयी त्याच्याहून कडक शब्द बाबासाहेबांनी घटना समितीत वापरले, पण उपाय म्हणून साहेब नाही, संविधान दिले.

एक गंमत राहिली. मोगलीचे पुढे काय झाले? १८९३ साली, म्हणजे जंगल बुकच्याही आधी, किपलिंगने मोठ्या मोगलीची गोष्ट लिहून ठेवली होती. तीत तो जंगल खात्यात वनरक्षक होतो, सरकारी नोकर, पुढे पेन्शन! आणि लग्न करतो ते साहेबाच्या मुसलमान खानसाम्याच्या मुलीशी. आपल्याकडे अशा लग्नाला आजही घरोघरी किती बैठका बसतात ते वाचकांना सांगायला नको.

आता घरी काय करावे ते सांगतो. पाच-सहा वर्षांच्या लेकराला चित्रपट खुशाल दाखवा, त्याचा आनंद हिरावू नका. चौथी-पाचवीच्या मुलाला पहिल्या भागातल्या तीन गोष्टी वाचून दाखवा, त्यातली वाघाची तिसरी गोष्ट तर नक्कीच. मेसुआला जाळायची गोष्ट आठवी-नववीच्या पुढे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना मूळ पुस्तक कठीण जाते, जुने इंग्रजी आहे, तेव्हा आई-बापांनी सोबत बसावे. किपलिंग १९३६ साली वारला, त्यामुळे आपल्या देशात त्याच्या पुस्तकाचा हक्क १९८६ अखेर संपला. स्वस्त आवृत्त्या मिळतात, आणि भाषांतर करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा आपल्यातल्या कोणा शिक्षकाने ही वाघाची गोष्ट वऱ्हाडी बोलीत उतरवून द्यावी. बुलदेवाच्या पारावरच्या बढाया आणि मोगलीचे पुरोहिताला दिलेले ते उत्तर वऱ्हाडीत असे काही रंगेल की पोट्टे दोनदा वाचायला लावतील. गावकुसाबाहेरची वस्ती किपलिंगला दिसली नाही. लिहिणाऱ्याला दिसत असेल, तर तिथलेही एखादे पोरगे मोगलीसोबत म्हशी राखायला घालावे.